कपाशी वेचताना ढेकण्या चावला, पण हा आपला नेहमीचा ढेकण्या नव्हता

अनेरकाठ :
रामराम मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज उजवा अंगठा सुजलाय आणि डाव्या हाताने टंकतोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गाव चोपडा तालुक्यात, अनेर नदीपासून हाकेच्या अंतरावर. गेल्या रविवारी कपाशीची दुसरी वेचणी काढली. मजूर मिळेना, आणि जो मिळतो त्याचा किलोमागचा भाव ऐकला की आपणच कमरेला झोळी बांधलेली बरी वाटते. आई, मी आणि शेजारच्या दोन काकू असे चौघे वावरात उतरलो. एका फुटलेल्या बोंडाच्या मागे लाल किडा दिसला. कापसाला पिवळे डाग पाडणारा नेहमीचा लाल ढेकण्या समजून सवयीने दोन बोटांत चिरडायला गेलो.

पुढचं सांगतो. त्याने डोकं खाली वाकवलं, सोंड उघडली आणि अंगठ्याच्या पेरात खुपसली. गांधीलमाशी मला तीनदा चावलीय, विंचू एकदा. हे त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं. अर्धा तास अंगठ्यात घण पडत होते. आईने लगेच चुना लावला. दोन दिवस झाले, मध्ये एक लाल टिंब आणि भोवती कडक गाठ आहे.

राग आला म्हणून त्याला पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पकडून घरी आणला. बाटली हलवली की आतून बारीक किर्र-किर्र ऐकू येतं. नीट पाहिलं तर आपला ढेकण्या नाहीच. डोकं लांबट आणि मागे मानेसारखं बारीक, पाय काळे, अंगावर लाल-काळं. सोंड जाडसर, बाकदार आणि छातीखाली मुडपून ठेवलेली.

प्रश्न दोन. एवढ्याशा किड्यात एवढं विष कशासाठी? आणि मोबाईलवर वाचलं की असल्या ढेकणांच्या विषापासून औषधं निघतील. खरं का थापा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जिभाऊ_शिंदखेडा :
माले बी चावेल शे भो. दोन वर्षं झाली. डोयामा पानी उनं व्हतं. आम्ही त्याला काही नाव नाही ठेवलं, बठ्ठा लाल म्हणजे ढेकण्या. पण चुना लावू नका, मी लावला होता, कातडी सोलली.

भरीत_भाकरी :
अंगठा गेला तरी चालेल, कळण्याची भाकरी मोडायला चार बोटं पुरतात. लवकर बरे व्हा.

गोळीवाला_डॉक्टर :
जिभाऊंना +१. चुना, तंबाखू, हळदीचा लेप, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. साबणपाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून शेका, खाजवू नका. अशी गाठ चार-आठ दिवस राहू शकते. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या तर मात्र घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. या किड्याच्या विषावर वेगळी लस-बिस नसते, लागतही नाही.

शिरपूरला दवाखाना आहे माझा. वेचणीच्या दिवसांत "काहीतरी चावलं" म्हणून आठवड्याला दोन-तीन तरी येतात. काय चावलं ते शंभरातला एक सांगू शकतो. तुम्ही बाटलीत घालून आणलात त्याबद्दल अभिनंदन.

सूक्ष्मदर्शी :
वर्णन वाचून खुर्चीतून उठलेच. माहेर अमळनेर, नोकरी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, आणि हे किडे माझ्या विशेष आवडीचे.

दादा, तुम्हाला शिकारी ढेकूण चावला. कृषी विद्यापीठाच्या पत्रकांत त्याला रेडूविड ढेकूण म्हणतात. लाल-काळा आणि कपाशीत म्हणजे बहुतेक ऱ्हायनोकोरिस असणार, या वंशातल्या दोन-तीन जाती आपल्याकडे शेतांत सर्रास दिसतात. तो कापसाचा रस पीत नाही. तो अळ्या खातो, आणि गंमत म्हणजे तुमचा डाग पाडणारा लाल ढेकण्याही खातो. तुम्ही ज्याला चिरडायला गेलात तो तुमच्याच बाजूचा होता.

किर्र आवाजाचं कारण : सोंडेचं टोक छातीखालच्या एका खाचेत घासतो. त्या खाचेत कानशीसारख्या बारीक रेघा असतात. "सोड मला" हे सांगायची ती पद्धत. त्याने बाटलीत सांगितलं, तुम्ही ऐकलं नाहीत.

आता विष. सगळ्या ढेकणांचं तोंड म्हणजे सोंड. वरून एक दिसते, पण आत चार सुया असतात. बाहेरच्या दोन भक्ष्यात रुतून पकड घेतात. आतल्या दोन एकमेकींना अशा बसतात की मधे दोन नळ्या तयार होतात, एकीतून विष आत जातं आणि दुसरीतून पातळ झालेलं अन्न वर येतं. या किड्याला घास चावून खाता येत नाही, गिळता येत नाही. त्यामुळे अळीला आधी लुळं करायचं, मग तिच्याच कातडीच्या पिशवीत तिचं आतलं सगळं विरघळवायचं आणि ओढून घ्यायचं. स्वयंपाक आणि जेवण एकाच भांड्यात.

अनेरकाठ :
ताई, म्हणजे ठिबकला व्हेंच्युरी जोडतो तसं. एका बाजूने औषध सोडायचं, पाणी आपलं चालूच.

सूक्ष्मदर्शी :
अगदी! वर्गात वापरते आता ही उपमा. फरक इतकाच की इथे विषाच्या ग्रंथीला स्वतःचा स्नायूंचा पंप असतो.

शंकासुर :
एक मूलभूत शंका. हे विष की नुसती पाचक लाळ? आपल्या तोंडातही लाळ असते, तिला कोणी विष म्हणत नाही. उगाच भारी शब्द कशाला?

सूक्ष्मदर्शी :
शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनीही बराच काळ तिला लाळच म्हटलं. १९६१ साली जे. एस. एडवर्ड्स यांनी आफ्रिकेतल्या प्लॅटिमेरिस या मोठ्या शिकारी ढेकणावर काम केलं, तेव्हा शीर्षकात "लाळ" हाच शब्द होता. पण ती लाळ टोचली की मोठं झुरळ काही सेकंदांत थंड. हाच ढेकूण चिडला तर ती लाळ फूटभर लांब पिचकारीसारखी उडवतो, आणि डोळ्यात गेली तर फार आग होते. जी गोष्ट दुसऱ्याच्या शरीरात टोचली जाते आणि तिथलं काम बिघडवते, तिला विष म्हणायला हरकत नसावी. नागाच्या विषग्रंथीही मुळात तोंडातल्याच ग्रंथी आहेत.

खरी मजा २०१८ सालची. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात अँड्र्यू वॉकर आणि मंडळींनी तिथल्या प्रिस्थेसँकस नावाच्या शिकारी ढेकणाच्या ग्रंथी वेगवेगळ्या तपासल्या. मुख्य ग्रंथीचे दोन कप्पे, पुढचा आणि मागचा. विजेचा हलका झटका दिला की मागच्या कप्प्यातलं विष मिळे, ते टोचलं की किडे लुळे पडत. नुसतं छेडलं, डिवचलं की पुढच्या कप्प्यातलं येई, आणि ते किड्यांना लुळं करत नव्हतं. म्हणजे एक विष जेवणासाठी, दुसरं अंगावर येणाऱ्यासाठी. एकाच किड्याकडे दोन कप्प्यांत दोन वेगळी विषं, आणि कोणतं काढायचं ते प्रसंग पाहून ठरतं.

आता सांगा, तुमच्या अंगठ्यात कोणतं गेलं असेल? तुम्ही काही त्याचं जेवण नव्हतात.

भरीत_भाकरी :
घरोघरी हेच. पाहुण्यांसाठी वेगळा डबा आणि भांडणासाठी वेगळा.

अनेरकाठ :
ताई, हे वाचून माझा राग अर्धा गेला. बाटली उघडून त्याला बांधावरच्या तुरीवर सोडला. आई म्हणाली, "चावना त्यालेच सोडस का?" तिला समजावणं चालू आहे.

धाब्यावरून :
लहानपणीचं एक कोडं या निमित्ताने. आमचं धुळ्याजवळ धाब्याचं जुनं घर. कोनाड्यात पणती ठेवायला गेलं की भिंतीवरून एक धुळीचा गोळा चालताना दिसायचा. खरंच चालायचा! आजी म्हणायची, "ती भुताची सुपारी आहे, हात लावू नको." आम्ही काडीने टोचायचो तर थांबायचा. कोणी सांगेल का?

सूक्ष्मदर्शी :
भुताची सुपारी! हे मी लिहून ठेवलं.

तेही याच कुळातलं पिल्लू, बहुधा अकँथास्पिस वंशातलं. अंगावर चिकट केस असतात, मागच्या पायांनी माती उडवून अंगावर घेतात आणि भिंतीत भिंत होऊन बसतात. या वंशातली काही पिल्लं तर खाऊन संपवलेल्या मुंग्यांची रिकामी टरफलं पाठीवर रचून हिंडतात. काडीऐवजी बोट लावलं असतंत तर आज तुम्हीही वेगळा धागा काढला असता.

तापीकाठची :
माझी भर. मी प्रकाशा गावाजवळच्या शाळेत शिकवते. पाऊस सुरू झाला की रस्त्याच्या दिव्याखाली पानाएवढे मोठे, चपटे, तपकिरी किडे आपटतात. मुलं पकडतात, एकदोघं दरवर्षी रडत येतात. आमच्याकडे कुणी त्यांना पाणझुरळ म्हणतं, पण झुरळ तर दिसत नाही. हे काय?

सूक्ष्मदर्शी :
हेही ढेकूणच, ताई. पाण्यातले राक्षसी ढेकूण, लेथोसेरस वंशातले. मासे, बेडकं, त्यांची पिल्लं, जे हाताला लागेल ते पुढच्या पायांच्या आकड्यात धरतात आणि सोंड खुपसतात. चावा खूप दुखतो, पण जीव जात नाही. थायलंडमध्ये त्यांना वाटून चटणीत घालतात आणि आपल्याकडे मणिपूरमध्येही खातात, नराला छान वास असतो म्हणे. मी खाल्लेला नाही.

त्यांचा धाकटा भाऊ डिप्लोनिकस आपल्या डबक्यांत आणि शेततळ्यात भरपूर असतो. मादी अंडी थेट नराच्या पाठीवर चिकटवते आणि निघून जाते, बाप ती फुटेपर्यंत घेऊन पोहत राहतो. हे डासांच्या अळ्यांचे शौकीन. शेततळ्यात दिसले तर राहू द्या. पाणविंचूही याच गणातला. त्याच्या शेपटीला सगळे घाबरतात, पण ती नुसती श्वासाची नळी आहे. विष तोंडाकडे.

भरीत_भाकरी :
पाठीवर अंडी घेऊन पोहणारा बाप. सौभाग्यवतींना हा प्रतिसाद दाखवणार नाही.

गोळीवाला_डॉक्टर :
औषधांच्या प्रश्नाला हात घालतो, कारण तो माझ्या आवडीचा.

विषातून औषध ही थाप नाही. रक्तदाबाची कॅप्टोप्रिल गोळी ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाली आणि १९८१ पासून माणसं ती घेत आहेत. समुद्रातल्या शंखगोगलगायीच्या विषातला एक पेप्टाइड (म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा) झिकोनोटाइड नावाने २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. मॉर्फिनलाही न जुमानणाऱ्या वेदनांसाठी तो थेट पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडतात. तो मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियमच्या एका विशिष्ट दाराला कुलूप लावतो, दुखण्याचा निरोप पुढे जात नाही.

आता ढेकूण कुठे आला? पायरेटीस टर्पिस नावाच्या शिकारी ढेकणाच्या विषातून २००१ मध्ये पीटीयू-१ हा पेप्टाइड वेगळा केला गेला. ३४ अमिनो आम्लांची छोटीशी गाठ, आणि तीही त्याच जातीच्या कॅल्शियम दारांवर बसते. गाठ म्हणतो ते अलंकारिक नाही, तीन गंधकाचे पूल एकमेकांत असे ओवलेले असतात की रेणू सहजासहजी मोडत नाही. कोळ्याच्या विषात, गोगलगायीच्या विषात आणि ढेकणाच्या विषात तीच गाठ. निसर्गाला एक चांगली गाठ सापडली की तो ती सगळीकडे मारतो. मात्र आज औषधाच्या दुकानात ढेकणाच्या विषातून आलेली एकही बाटली नाही. हे सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे.

शंकासुर :
चला, कुणीतरी मान्य केलं.

पण आणखी एक. मला आठवतं की दक्षिण अमेरिकेत असले ढेकूण चावून लोक मरतात. मग धागाकर्त्याने घाबरायचं की नाही?

गोळीवाला_डॉक्टर :
नाही. तो चागास रोग, कार्लोस चागास या ब्राझिलियन डॉक्टरने १९०९ मध्ये शोधलेला. तो पसरवणारे ढेकूण याच कुळातले, पण शिकार सोडून रक्तावर गेलेले. त्यातही रोग चाव्यातून येत नाही. रक्त पिताना तो ढेकूण तिथेच विष्ठा टाकतो, माणूस खाजवतो आणि जंतू जखमेत जातात. त्या गटातले काही ढेकूण भारतातही आढळतात, पण चागासचा फेरा आपल्याकडे नाही. आणि कपाशीतल्याला रक्ताशी देणंघेणं नाही.

डॉक्टर म्हणून मला या रक्तपित्यांचंच जास्त कौतुक वाटतं. शिकारी ढेकूण चावला की गाव गोळा होतं, हा चावला तर झोपलेला माणूस कूससुद्धा बदलत नाही. दोघे चुलतभाऊ, पण एकाच्या लाळेत आग आणि दुसऱ्याच्या लाळेत बधिर करणारं द्रव्य. वर रक्त गोठू न देणारे चार-पाच वेगवेगळे रेणू. त्यातल्या रोड्नियस या ढेकणाच्या लाळग्रंथी चेरीसारख्या लाल असतात. त्यात लोह असलेलं एक प्रथिन असतं, ते नायट्रिक ऑक्साइड वायू धरून ठेवतं आणि कातडीत शिरलं की सोडतं. रक्तवाहिन्या रुंदावतात. आता आठवा, छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतो, ती काय करते? हेच. आपण गोळी कारखान्यात बनवली, ढेकणाने ती तोंडात बाळगली.

तापीकाठची :
डॉक्टरसाहेब, ही माहिती दहावीच्या वर्गात सांगितली तर मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतील.

सूक्ष्मदर्शी :
ताई, मुलांना हेही सांगा. १८३५ च्या मार्चमध्ये डार्विनला अर्जेंटिनात मेंडोझाजवळच्या एका गावात रात्री असेच ढेकूण अंगावर चढले. तो चांगलाच किळसला. पुढे एक पकडलेला ढेकूण टेबलावर ठेवून बोट दाखवलं की कागदासारखा चपटा किडा दहा मिनिटांत फुगून गोटी व्हायचा. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याच्या रक्ताच्या एकाच जेवणावर तो चार महिने टम्म राहिला.

आणि अजून एक उपयोग, ज्यात विषातून काही काढावंही लागत नाही. दुर्मीळ प्राण्याचं रक्त तपासायचं तर त्याला पकडायचं, भूल द्यायची, सुई टोचायची, यातच तो अर्धा मरतो. म्हणून स्पेनमधल्या दुर्मीळ लिंक्स मांजरांच्या निवाऱ्यात प्रयोगशाळेत वाढवलेले निर्धोक रक्तपिपासू ढेकूण सोडले. मांजर झोपलेलं, त्याला पत्ता नाही, ढेकूण पोटभर पिऊन आला की त्याच्या पोटातलं रक्त सिरिंजने काढायचं. मादी गाभण आहे का ते त्यावरून कळतं. जर्मनीत तर पाणपक्ष्यांच्या घरट्यात पोकळ नकली अंडं ठेवून त्यात ढेकूण बसवला. पक्षी अंडी उबवत बसला आणि अंड्यानेच त्याचं रक्त काढलं.

धाब्यावरून :
वाखूसा (वाचनखूण साठवली). असे धागे आले की इथे यायचं सार्थक होतं.

जिभाऊ_शिंदखेडा :
बाकी सगळं ठीक. पण मले एक सांगा ताई, ह्याचा माझ्या कपाशीला काय उपयोग? गुलाबी बोंडअळी तर बोंडात आत बसेल शे. तिथे ह्याची सोंड पोचते का? २००२ ला बीटी (अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं कपाशीचं बियाणं) आलं तेव्हा म्हणले आता अळीची कटकट गेली. मग म्हणले नवं बीटी घ्या. मग गुलाबी अळीने त्यालाही नाही जुमानलं. आणि बीटीचा तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांच्यावर काहीच परिणाम नाही. फवारणी काही सुटली नाही.

सूक्ष्मदर्शी :
जिभाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. बोंडात शिरलेल्या अळीला शिकारी ढेकूण काही करू शकत नाही. तो पकडतो ती उघड्यावर फिरणारी : हिरवी बोंडअळी, पानं खाणारी अळी, आणि लाल ढेकण्या. कपाशीत त्याहून बारीक शिकारी ढेकूणही असतात. मोठ्या डोळ्यांचा जिओकोरिस असतो, आणि ओरियस म्हणून तिळाएवढा असतो जो फुलकिडे खातो. ते अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या मटकावतात. या सगळ्यांकडे विष आहे, फक्त आपल्याला कळेल एवढं नाही.

आणखी एक दाखवते. लाल ढेकण्यांच्या थव्यात कधीकधी एखादा थोडा मोठा, तसाच लाल ढेकूण फिरताना दिसेल. तो अँटिलोकस. दिसायला अगदी त्यांच्यातलाच, कुळही तेच, पण तो लाल ढेकण्यांनाच खातो. आपण दोघांना एकाच फटक्यात मारतो, कारण आपल्याकडे दोघांना शब्द एकच.

रस पिणारे आणि शिकार करणारे हे मुळात एकाच घरातले. पूर्वज झाडाचा रस पिणारे, मग एक शाखा शिकारीवर गेली, सोंड तीच आणि लाळेचं विष झालं. त्यातले काही पुन्हा झाडाकडे वळले. कापसावरचा ढेकण्या म्हणजे शिकार सोडून शाकाहारी झालेल्या घराण्यातला.

भरीत_भाकरी :
मग कृषी सेवा केंद्रात "शुद्ध ढेकूणविष, अर्धा लिटर" कधी मिळणार? मागच्या वर्षी एका दुकानदाराने मला "जैविक" म्हणून जी बाटली दिली त्यात बहुतेक गूळपाणी होतं. अळ्या तुकतुकीत झाल्या.

सूक्ष्मदर्शी :
हसू आलं, पण प्रश्न खरा आहे.

पहिली अडचण मापाची. एका ढेकणाकडून विष मिळतं ते सुईच्या टोकावरच्या थेंबाएवढं. अर्ध्या लिटरसाठी किती ढेकूण लागतील याचा हिशोब तुम्हीच करा, आणि ते एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात. दुसरी अडचण मोठी. विष टोचलं तर मारतं, पानावर फवारलं आणि अळीने खाल्लं तर तिच्या पोटात पचून जातं. नाग चावला तर माणूस मरतो, पण विष पोटात गेलं तर बहुधा पचतं, तसंच हे.

वाट निघू शकते. अमेरिकेत ऑस्ट्रेलियन कोळ्याच्या विषातल्या पेप्टाइडवर आधारलेलं स्पिअर नावाचं कीटकनाशक २०१४ मध्ये नोंदवलं गेलं. कोळी पाळून नाही, जनुक यीस्टमध्ये घालून मोठ्या टाक्यांत बनवतात, आपण आंबवतो तसं. आणि अळ्यांसाठी ते बीटीच्या जिवाणूबरोबर वापरतात. बीटी आतड्याला भोकं पाडतं, त्या भोकांतून पेप्टाइड रक्तात उतरतो. ढेकणाच्या विषात तर भोकं पाडणारे रेणूही स्वतःचेच आहेत, त्यांना रेड्युलायसिन म्हणतात. रक्तपित्या ढेकणाच्या लाळेतला त्यांचा भाऊबंद ट्रायलायसिन जिवाणूंनाही फोडतो, म्हणून प्रतिजैविकांवर काम करणाऱ्यांचंही त्याकडे लक्ष आहे. पण जे जिवाणूला फोडतं ते आपल्या पेशीलाही फोडू शकतं, तिथे गाडी अडते.

आपल्या देशातलं सांगायचं तर तमिळनाडूत पालयंकोट्टईला के. सहायराज यांनी ऱ्हायनोकोरिसवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्याचं विष पानं खाणाऱ्या अळीवर तपासलं, आणि अख्खा ढेकूण वाढवून शेतात सोडण्यावरही काम केलं. ट्रायकोकार्डासाठी (मित्रकीटक शेतात सोडायचं कार्ड) तांदळातल्या पतंगाची अंडी वापरतात ना, त्याच पतंगाच्या अळ्यांवर हे ढेकूण वाढवता येतात.

शंकासुर :
म्हणजे सारांश : विषाची बाटली दूर, किडा जवळ. मान्य. जाता जाता, मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, मला यातलं काहीच उपयोगी नाही, पण तीन तास इथेच आहे.

गोळीवाला_डॉक्टर :
अवांतर, पण सांगतो. किडा अळीच्या मज्जातंतूंवर घाव घालतो, आपली फवारणीची औषधंही बहुतेक तेच करतात. फरक असा की किडा टोचतो एकाच अळीला. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ती बातमी आठवत असेल. त्या हंगामात माझ्याकडेही डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेले, तोंडाला फेस आलेले दोघे आले होते. वाचले. हातमोजे आणि मास्क वापरा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, उपाशीपोटी फवारू नका. इतकंच.

जिभाऊ_शिंदखेडा :
बरोबर शे डॉक्टर. पण चाळीस अंशाच्या उन्हात मास्क घालून एक पंप मारून दाखवा, मग बोलू.

गोळीवाला_डॉक्टर :
जिभाऊ, हरलो.

अनेरकाठ :
सगळ्यांचे आभार. अंगठा उतरला, टिंब तेवढं राहिलंय.

काल संध्याकाळी मुद्दाम वावरात गेलो, मोबाईलची बॅटरी आणि शाळेतलं जुनं भिंग घेऊन. अर्धा तास काहीच नाही. मग बांधालगतच्या झाडावर सापडला, तोच का दुसरा सांगता येणार नाही. पानाच्या कडेला एक हिरवी अळी, त्याच्या अंगापेक्षा दुप्पट लांब. हा पुढचे दोन पाय उचलून अगदी सावकाश, मांजर पाखरावर जातं तसा. मग एकदम झेप. अळीने दोनतीन हिसडे दिले, तोंडातून हिरवं पाणी टाकलं आणि मऊ पडली. दहा आकडेसुद्धा मोजून झाले नसतील. त्यानंतर तो हललाच नाही. सोंड एका जागी खुपसलेली, मधेच काढून दुसऱ्या जागी. भिंगातून दिसत होतं, अळीचं अंग हळूहळू मागून पुढे सपाट होत होतं, जशी ठिबकची नळी पाणी बंद केल्यावर बसते. वीसेक मिनिटांनी त्याने ती टाकली. मी उचलून पाहिली, नुसता काळा पापुद्रा.

आई मागे उभी होती हे मला माहीतच नव्हतं. तिने पापुद्रा तळहातावर घेतला, फुंकर मारली, तो उडाला. म्हणाली, "याले काय म्हंतस?" मी म्हटलं शिकारी ढेकूण. तिला पसंत पडलं नाही. ढेकूण म्हटलं की खाटेतलाच आठवतो म्हणाली. आज सकाळपासून काकूंना सांगतेय, "तो वाघ्या दिसना तं मारू नका."

तापीकाठची :
वाघ्या! उद्यापासून आमच्या शाळेतही वाघ्याच.

भरीत_भाकरी :
फोटो कुठाय?

अनेरकाठ :
काढायला मोबाईल जवळ नेला होता. त्याने माझ्याकडे वळून सोंड उघडली. मी चार पावलं मागे आलो.